कच्चं लिंबू कोण?

दिवाळीआधीच्या ऑफिस पार्टीसाठी खेळ बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अंताक्षरी आणि हाऊजीला सगळे कंटाळले होते. 'आपल्या लोकांचा' काहीतरी कर, म्हणाले. दोन रात्री बसून मी केला. पाच जणांनी मिळून एक छोटं फंक्शन लिहायचं, आळीपाळीने नव्वद-नव्वद सेकंद कीबोर्ड. पाचातला एक गुपचूप फितूर. त्याला फोनवर तसा मेसेज येतो. त्याने कुणाच्या लक्षात न येता कोड बिघडवायचा. शेवटी टेस्ट चालवायच्या आणि मत द्यायचं : फितूर कोण?

कल्पना माझी नव्हे. 'माफिया' हा खेळ १९८६च्या सुमारास मॉस्कोत दिमित्री दाविदॉफने रचला. लॉकडाऊनमध्ये आपण सगळे जो खेळलो, तो 'अमंग अस' त्याच्याच वंशातला. मी फक्त अंतराळयानाच्या जागी पायथॉन ठेवला.

दुसऱ्या फेरीत, जूनमध्ये रुजू झालेल्या मुलाने लूप एक फेरी आधीच थांबवला. उरलेल्या चौघांनीही त्यालाच मत दिलं. तो फितूर नव्हता. फितूर होता आमचा सगळ्यात अनुभवी माणूस. त्याने केलेला बिघाड इतका सफाईदार की कुणाला दिसलाच नाही. सगळे पोट धरून हसले. मुलगाही हसला. पुढचे दोन आठवडे त्याच्या प्रत्येक कोड रिव्ह्यूखाली कुणी ना कुणी लिहायचं, "फितूर?"

फितुराचं खोटं बोलणं मला अजूनही चूक वाटत नाही. पत्त्यांत 'चॅलेंज' खेळताना आपण डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतोच. बसतानाच सगळ्यांनी त्याला परवानगी दिलेली असते. पण आपल्या अजाणतेपणाचा निकाल चारचौघांत लावायची परवानगी त्या मुलाने दिली नव्हती. आणि तो निकाल हा अपघात नव्हता. फितूर लपतो तो प्रामाणिक चुकांच्या गर्दीत. म्हणजे खेळ चालायला नवख्याच्या चुका लागतातच. ते इंधन मीच त्यात घातलं होतं. एरवी सर्व्हर पडला की आम्ही 'कुणी केलं' विचारत नाही, 'कसं झालं' विचारतो. ही सवय लागायला टीमला बरीच वर्षं गेली होती.

"खेळच तर आहे रे," असं मला सांगण्यात आलं. योहान हुइझिंगाने १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स'मध्ये खेळाची पहिली अट हीच धरली की तो स्वेच्छेने खेळलेला असतो. आमच्या मेलमध्येही 'ऐच्छिक' लिहिलं होतं. चार महिन्यांच्या नोकरीवर नाही म्हणून दाखवा!

१९६१ साली बेल लॅब्समध्ये तिघांनी 'डार्विन' नावाचा खेळ केला होता. मशीनच्या मेमरीत सोडलेले प्रोग्राम एकमेकांना मारायचे. रॉबर्ट मॉरिसने असा एक प्रोग्राम लिहिला की तो कुणालाच हरवता येईना, आणि खेळच थांबला. पण तिथे मरायचा तो प्रोग्राम. मी त्याच्या जागी माणूस बसवला होता.

लहानपणी यावर उपाय होता. लपंडावात धाकटं भावंड कच्चं लिंबू. खेळायचं सगळ्यांबरोबर, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तेवीस वर्षांच्या इंजिनिअरला मात्र कच्चं लिंबू म्हणणं, चार मतांपेक्षा वाईट.

म्हणून नव्या आवृत्तीत मी सगळ्यांनाच कच्चं लिंबू केलं. प्रत्येकाला एक गुप्त अडचण : कुणाला लूप वापरायला बंदी, कुणाचं बॅकस्पेस बंद, कुणाला फक्त एकाक्षरी नावं. आता सगळेच चुकतात आणि सगळ्यांकडे सबब असते. मतही माणसाला नाही, ओळीला द्यायचं : कुठली ओळ मुद्दाम बिघडवली? अनुभवी गृहस्थांनी खेळून पाहिला आणि म्हणाले, "मजा गेली. कोण किती पाण्यात आहे ते कळतच नाही." त्यांचं पूर्ण खोटं नाही. पहिल्या दिवशीचा तो हशा काही परत आला नाही. तो फितूर सापडल्याचा नव्हताच, कारण फितूर सापडलाच नव्हता.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा खेळायचं ठरलंय. त्या मुलाचा मला वेगळा मेसेज आला : "दादा, या वेळी मी फितूर होऊ शकतो का?" फितूर चिठ्ठी टाकल्यासारखा आपोआप निवडला जातो. मी ती ओळ काढली आणि त्याचं नाव हाताने टाकलं. बाकीच्यांना सांगितलेलं नाही.