कीड कोणाला म्हणावे?

फुलपाखरू न आवडणारा माणूस विरळा. अळी आवडणारा त्याहूनही विरळा. कोरेगाव भीमा येथे मुलांकडून आम्ही लिंबाच्या पानांवरची अळी बरणीत वाढवून घेतो. तोंडाला मलमलीचा तुकडा बांधायचा, रोज ताजा पाला द्यायचा, घाण काढायची. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ती अळी पुढे हिरवीगार होते, कोष करते आणि एके सकाळी पंख घेऊन बाहेर येते. शास्त्र इतके सोपे आहे. अवघड असतो मुलाचा प्रश्न : "गुरुजी, हिच्यावर आमचे आबा औषध मारत्यात. मग आपण हिला का पोसायचं?"

आबांचे चुकत नाही. लिंबाच्या कोवळ्या रोपाचा पाला ही अळी फस्त करते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला तो नीलवंताला. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. मान पंखांना, औषध अळीला! जीव मात्र एकच.

मुलाला एवढेच सांगावे, की रोप जगवणे हा नाइलाज आहे. 'कीड' हे नाव आपण दिलेले आहे. नाइलाजाने मारणारा हात गरजेपुरते मारून थांबतो. तिरस्काराने मारणाऱ्याला थांबावे कुठे, हे कळत नाही.