न मारलेली पेनल्टी

आमच्या धाकट्या चिरंजीवांना फुटबॉलचे वेड. परवा घरात चकल्यांचा घाणा चालला असताना त्याने एकाएकी विचारले, "बाबा, पगार एकाचा आणि माया दुसऱ्यावर, हे पाप का हो?"

विषय होता द्रागान स्टोयकोविच. सर्बियातल्या निश गावी 1965 साली जन्मलेला हा खेळाडू. लोक त्याला 'पिक्सी' म्हणतात. व्यंगचित्रपटातल्या एका उंदराचे हे नाव! बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबात त्याने चार वर्षे मधली फळी गाजवली. 1990 मध्ये फ्रान्सच्या मार्सेय क्लबाने त्याला नेले. आणि दैवाची थट्टा पाहा. 29 मे 1991 रोजी, इटलीतल्या बारी शहरी, युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात मार्सेयसमोर उभा ठाकला तो रेड स्टारच! जादा वेळ सरत आल्यावर पिक्सीला मैदानात धाडले. गोल कोणाचाच होईना. निकाल पेनल्टीवर आला. पिक्सीने सांगितले, मी मारणार नाही. रेड स्टार 5-3 असा जिंकला.

खाल्ल्या मिठाला जागला नाही, असे कोणी म्हणेल. पण मीठ दोन घरचे होते, त्याला काय करावे? दोन्हीकडे आप्त म्हणून बलराम तीर्थयात्रेला निघून गेला, त्याला आपण नावे ठेवीत नाही. मात्र बलराम आधीच गेला होता. पिक्सी रणात उतरल्यावर थांबला.

आणखी एक शंका मला छळते. आदल्याच वर्षी, 30 जून 1990 रोजी, फ्लॉरेन्समध्ये विश्वचषकाच्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध त्याची पेनल्टी आडव्या दांड्यावर आदळली होती, आणि युगोस्लाव्हिया बाहेर पडला होता. बारीच्या रात्री त्याचा पाय कशाने अडला असेल? मायेने, की त्या दांड्याच्या आवाजाने?

ही शंका मला येते, कारण मी चोर आहे. एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. अखेरीस उरले दोघे: मी मॅट्रिकपर्यंत शिकलो त्या शाळेचा मुलगा, आणि मी जिथे पगार घेतो त्या शाळेची मुलगी. डोके दुखते म्हणून मी उठलो. माझ्या निःपक्षपातीपणाची व्यासपीठावरून तारीफ झाली. खरे तर मुलगी सरस होती आणि समोर माझे जुने गुरुजी बसले होते, एवढेच.

पिक्सीला रेड स्टारवाल्यांनी डोक्यावर घेतले. पुढे मार्च 2021 मध्ये तो सर्बियाचा प्रशिक्षक झाला. त्याच नोव्हेंबरात लिस्बनला पोर्तुगालला 2-1 हरवून संघ थेट विश्वचषकाला गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये लेस्कोव्हाक येथे अल्बानियाकडून हार झाली आणि त्याने पद सोडले. या साडेचार वर्षांत परदेशी क्लबांचे मीठ खाणाऱ्या किती पोरांना त्याने आज्ञा केल्या असतील! त्यांतल्या एखाद्याने ऐन वेळी "मी मारणार नाही" म्हटले असते, तर?

"त्याने ऐकून घेतले असते," चिरंजीव म्हणाला.

"आणि पुढच्या सामन्याला बाहेर बसवले असते," मी म्हणालो.

"म्हणजे पाप?"

मी त्याला चकली दिली. डोकेदुखीची गोष्ट मात्र अजून सांगितलेली नाही.