दंड भरला, म्हणजे फिटलं का?

हिवाळा सुरू झाला की चिमूरचे रस्ते अपुरे पडू लागतात. ताडोब्याच्या कोलारा गेटकडे निघालेले पर्यटक, लग्नसराईची वऱ्हाडं, बाजाराला आलेली खेड्यांवरची माणसं, आणि माघात वसंत पंचमीपासून श्रीहरी बालाजीची घोडायात्रा. बैलबंडीच्या काळात आखल्या गेलेल्या गल्ल्यांत चारचाकी घुसते आणि जिथे जागा दिसेल तिथे उभी राहते. कधी ते कुणाचं फाटक असतं, कधी वळण. कायद्याचं यावरचं उत्तर ठरलेलं आहे. इतरांना अडथळा होईल अशी गाडी उभी करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 नुसार गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 177 प्रमाणे पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत व पुढे 1500 रुपयांपर्यंत दंड होतो. पावती हातात पडली की सरकारचा हिशेब संपला. ज्याची वाट अडली त्याचा संपला का, हा प्रश्न मात्र धर्माचा आहे, आणि तो चलानच्या रकमेपेक्षा मोठा आहे.

इस्रायलमधल्या हैफा शहरात 1998 साली दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यातल्या सहा पाळणाघरांत दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता. तो जवळपास दुपटीने वाढला. पुढे दंड काढून घेतला, तरी पालक पूर्वीसारखे वेळेवर येईनात. याचा अर्थ मला असा दिसतो: आधी थांबलेल्या शिक्षिकेपुढे मान खाली जात होती, दंड आल्यावर तिचा वेळ विकत मिळू लागला. पैसे दिले, आता अपराध कसला? ज्याला पाचशे रुपये जड नाहीत, त्याच्या लेखी गाडी अडवून लावण्याचा दंड हे तसंच भाडं होऊन बसतं.

आपल्या परंपरेने दंड आणि प्रायश्चित्त यांचा विचार वेगवेगळा केला. दंड राजा करतो. प्रायश्चित्त ज्याचं त्याने आपल्या कर्माची जाणीव ठेवून करायचं असतं. कौटिल्य तर राजसत्तेच्या बाजूने बोलणारा, पण वाट अडवण्याबद्दल त्याने लावलेले दंड पाहण्यासारखे आहेत. माणसांची आणि लहान जनावरांची वाट अडवली तर 12 पण (त्या काळचं नाणं), मोठ्या जनावरांची अडवली तर 24, आणि स्मशानाची किंवा गावाची वाट अडवली तर 200. अडवणारा कोण आणि त्याने किती जागा व्यापली, याचा या चढत्या आकड्यांशी संबंध नाही. कुणाचं जाणं थांबलं, यावर ते चढतात. प्रेत खांद्यावर घेतलेल्या माणसाला थांबावं लागणं हे बैल थांबण्यापेक्षा कितीतरी भारी, एवढं त्या जुन्या शास्त्राला कळत होतं. आपलं चलान मात्र फाटकासमोरची गाडी आणि रुग्णवाहिकेच्या वाटेतली गाडी यांत फारसा फरक करत नाही.

चिमूरच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे चंद्रपूरला (तेव्हाच्या चांद्याला), 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत तेव्हापासून पंचशील म्हटलं जातं. त्यातलं दुसरं शील सांगतं, जे दिलेलं नाही ते घेऊ नये. योगशास्त्रातलं अस्तेय आणि जैनांचं अचौर्य हेच बजावतात. रस्ता आपल्याला जाण्यासाठी मिळालेला आहे, ठेवण्यासाठी नाही. तिथे तासन् तास गाडी उभी केली की शेजारच्या म्हातारीची चालण्याची जागा आपण न विचारता घेतो. खिशातून पैसे काढले तर चोरी, आणि पायाखालची वाट काढून घेतली तर निव्वळ गैरसोय, असं म्हणायला कोणत्याही धर्मात आधार सापडणार नाही.

यावर लगेच उत्तर येतं: घरासमोरचा रस्ता मीच झाडतो, सडा-रांगोळी माझ्या घरची बाई करते, मग तिथे माझी गाडी का नको? हा युक्तिवाद इथलाच आहे असंही नाही. शिकागोत बर्फ पडलं की लोक घरासमोरची जागा फावड्याने मोकळी करतात आणि ती राखायला जुनी खुर्ची मांडून जातात. बोस्टनने तर अशी खूण हिमसंकट उठल्यावर 48 तासांपुरती चालवून घेतली आहे. श्रमाने हक्क येतो, हा विचार मला क्षुद्र वाटत नाही. पण तो हक्क श्रमाच्या फळावर असतो. झाडल्याने रस्ता स्वच्छ होतो, झाडणाऱ्याचा होत नाही. तालुक्यातल्या गोंदोड्याला तप केलेल्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या सफाईला पूजेची योग्यता दिली. पूजा केली म्हणून देऊळ पुजाऱ्याच्या नावावर चढत नाही.

दुसरा आक्षेप भाविकाचा: देवासाठी आलो आहे, दोन घटका सांभाळून घ्या. देवदर्शनाला येणाऱ्याबद्दल मला आदरच आहे, म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षा अधिक आहे. बालाजीच्या घोड्याला वाट मिळावी म्हणून हजारो माणसं बाजूला सरतात. तेवढीच वाट त्या गल्लीतल्या बाळंतिणीलाही द्यायला नको का?

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. गाडी लावायला जागाच नसेल तर माणसाने करायचं काय? जे करणं शक्यच नाही, ते केलं नाही म्हणून शिक्षा देणं हा अन्याय आहे. यात्रेच्या दिवसांत गावाबाहेर मोकळं मैदान, तिथे दिवे, पाणी, आणि म्हाताऱ्यांना देवळापर्यंत आणणारी सोय, हे नगर परिषदेचं कर्तव्य आहे, आणि ते होण्याआधी फाडलेली पावती नैतिकदृष्ट्या लंगडी आहे. रकमेचंही तेच. फिनलंडमध्ये 1921 पासून अनेक गुन्ह्यांचा दंड माणसाच्या रोजच्या कमाईवर मोजतात. पाचशे रुपये मजुराची एका दिवसाहून अधिक कमाई नेतात आणि मोठ्या गाडीच्या मालकाला जाणवतही नाहीत. म्हणून केवळ रक्कम वाढवून श्रीमंताची सवय सुटणार नाही, गरिबाचं कंबरडं मात्र मोडेल. मैदान तयार झाल्यावरही जो कुणाची वाट अडवेल, त्याने पावती तर घ्यावीच, शिवाय ज्याच्या दारात गाडी उभी होती त्या घरी जाऊन क्षमा मागावी. पोलिसांना याची सक्ती करता येणार नाही आणि तसा अधिकार त्यांच्या हाती असूही नये. पण देवस्थान समिती, विहार आणि मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी हे सांगू शकतात, कारण पापपुण्याची भाषा त्यांच्याच तोंडी शोभते.