मुलाची भाषा कोणाची?
हिब्रू व इंग्रजी या दोन्ही भाषा चालणाऱ्या बालवर्गांत मूल एक लिपी उजवीकडून वाचतें, दुसरी डावीकडून. इंग्रजींत सर्वांना एकच ‘यू’. हिब्रूंत मात्र मुलाला ‘अत्ता’ आणि मुलीला ‘अत्त’. हें सारें तें खेळतां खेळतां शिकतें, याचें मला नवल नाहीं. प्रश्न निराळाच आहे: ही निवड कोणाची?

१८८२ सालीं जेरुसलेमांत जन्मलेल्या आपल्या मुलाच्या कानीं हिब्रूवांचून दुसरी भाषा पडूं नये, असा एलिएझर बेन-येहुदा यांचा दंडक होता. आईनें रशियन अंगाई म्हटली, तेव्हां ते संतापले. हिब्रू बोलीभाषा म्हणून पुन्हां जगली. पण खेळगड्यांवांचून गेलेल्या त्या बालपणाचें काय? या वर्गांतही निवड वडीलधाऱ्यांचीच. मात्र येथें मूल इंग्रजींत रडलें, तरी शिक्षिका त्याला जवळ घेते.