आधी खाट, मग घर

घरी बाळंत होण्याच्या हक्कासाठी जी संघटना ब्रिटनमध्ये पुढे अनेक दशके भांडली, तिची सुरुवातीची मागणी होती, इस्पितळांत बाळंतिणींसाठी जास्त खाटा द्या.

१९६० साली सॅली विलिंग्टन या बाईंनी गरोदरपणी इस्पितळात आलेल्या अनुभवाबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिले. ते वाचून देशभरातल्या बायका आपापली कहाणी लिहू लागल्या आणि त्यांतून संघटना उभी राहिली. तिचे पहिले नावच मुळी ‘गरोदर स्त्रियांवरील क्रौर्य रोखणारी संस्था’ अशा अर्थाचे होते. लवकरच ते बदलून ‘असोसिएशन फॉर इम्प्रूव्हमेंट्स इन द मॅटर्निटी सर्व्हिसेस’ झाले. पगारी फौज नाही, सगळे काम स्वयंसेवी. त्या काळी ब्रिटनमध्ये सुमारे एक तृतीयांश बाळंतपणे घरीच होत, कित्येकींची तर केवळ खाट मिळाली नाही म्हणून. म्हणून मागण्या दोन होत्या: खाट द्या, आणि खाटेवरच्या बाईला माणसासारखे वागवा, कळा येत असताना तिला एकटी टाकू नका.

पहिली मागणी सरकारने भरभरून पुरी केली. १९७० च्या पील समितीने शंभर टक्के बाळंतपणांची सोय इस्पितळात व्हावी अशी शिफारस केली. समितीचे अध्यक्ष सर जॉन पील हे राणी एलिझाबेथचे प्रसूतितज्ज्ञ. राणीची चारही मुले मात्र राजनिवासातच जन्मली होती, धाकटा एडवर्ड १९६४ साली बकिंगहॅम राजवाड्यात. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरची बाळंतपणे जेमतेम एक टक्क्यावर आली.

दुसरी मागणी तशीच राहिली. उलट १९७४ च्या सुमारास दर दहांपैकी जवळपास चार बाळंतपणांत कळा औषधाने किंवा पाणमोट फोडून सुरू केल्या जात होत्या. संघटनेचा विचार वळला तो इथे. खाट मिळाल्याने बाईच्या शब्दाला किंमत येत नाही, हे तिला दिसले. घर ही या बायकांची जुनी आवड नव्हती. ‘नाही’ म्हणता येईल अशी तेवढीच जागा उरली होती.

नॉटिंगहॅमच्या संख्याशास्त्रज्ञ मार्जोरी ट्यू यांनी सरकारी आकडे तपासले. इस्पितळातली बाळंतपणे वाढल्यामुळेच बालमृत्यू घटले, हे त्या आकड्यांतून सिद्ध होत नाही, असे त्यांनी दाखवले. १९९२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या आरोग्य समितीनेही मान्य केले की सर्वांना इस्पितळात पाठवण्याचे धोरण सुरक्षिततेच्या आधारावर टिकत नाही.

पण पुढचा आकडाही तितक्याच ठळकपणे सांगायला हवा. २०११ च्या इंग्लंडमधील मोठ्या पाहणीत कमी जोखमीच्या सुमारे ६४ हजार बायका होत्या. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या खेपेच्या बायकांच्या बाळांना घरी जास्त धोका आढळला नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यूचे प्रमाण घरी हजारी ९.३ होते, इस्पितळातल्या प्रसूतिविभागात ५.३. शिवाय घरी बाळंत व्हायचे ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना ऐनवेळी इस्पितळात हलवावे लागले. हे दडवून घराचा पुरस्कार करणे म्हणजे बाईला पुन्हा अंधारात ठेवणेच.

ब्रिटनमधले घरचे बाळंतपण प्रशिक्षित मिडवाइफ, रुग्णवाहिका आणि जवळचे इस्पितळ यांच्या भरवशावर उभे असते. आपल्याकडे मेळघाटात रस्ता नाही म्हणून घरी बाळंत होणाऱ्या बाईने काही निवडलेले नसते. तिला १९६० मधली पहिली मागणी आजही लागू आहे. बाकी महाराष्ट्रात खाट बहुतेकींना मिळाली: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दवाखान्यातली बाळंतपणे ९४ टक्क्यांच्या वर गेली. आपल्याकडे आता दुसऱ्या मागणीची वेळ आहे.

केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानुसार सरकारी प्रसूतिकक्षात बाईजवळ तिच्या पसंतीची सोबतीण असू शकते. नाव नोंदवायला जाल तेव्हा तिच्याबद्दल विचारा, आणि नकार मिळाला तर कारण लेखी मागा.