स्वग्रामीचे आमंत्रण

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकास स्वदेशाचा व स्वग्रामाचा संबंध टाकावयास सांगितले आणि संबंधियांचा संबंध तर विशेषेकरून. सूत्रपाठातील हे निरूपण भिक्षुकास मुखोद्गत असते. परंतु त्याची परीक्षा गावाने अव्हेरल्यावर होत नाही. गाव मानाने बोलावू लागते तेव्हा होते.

भाद्रपद शुद्ध द्वितीयेस स्वामींचा अवतारदिन. गावात मंडप, ध्वनिक्षेपक, सभा. आणि व्याख्यानास ‘आपल्याच गावचे महाराज’ हवेत. बोलावणारे वासनिक निष्कपट असतात, म्हणूनच नकार कठीण जातो.

अशा वेळी मन धर्मप्रसाराचे कारण पुढे करते, आणि ते अगदीच पोकळ नव्हे. केसोबासांसारख्या पंडितास आचार्य श्रीनागदेवांनी संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, ते साध्याभोळ्या म्हाताऱ्या ज्ञानास अंतरतील म्हणून. स्मृतिस्थळात ही हकीकत आहे. मग श्रोत्यासाठी भाषा निवडणाऱ्या पंथातील भिक्षुकाने मौनाआड दडावे काय? परंतु आचार्यांच्या त्या निर्णयात सोय श्रोत्याची होती. वक्त्यास उलट पांडित्याचा मान सोडावा लागला. स्वग्रामीच्या सभेत याच्या विपरीत घडते. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर यांचा भेद उलगडला जात असता समोरची वृद्धा शेजारणीस सांगत असते, हा अमक्याचा धाकटा, लहानपणी फार हूड होता. तिचा दोष नाही; तिला परिचितच ऐकू येतो. वक्त्यासही पहिल्या रांगेतला बंधू दिसतो आणि शब्द त्याच्यासाठी सजू लागतात. सभा संपते, घरी चलण्याचा आग्रह होतो, आणि घरी शेताची वाटणी व पुतणीची सोयरीक वाट पाहत असते. कितीएक वर्षांच्या अटनाने जे सुटत आले, ते एका सायंकाळी पुन्हा जडते.

तेव्हा हा नकार धर्मास नसून संबंधास आहे. गावास निरूपण अवश्य मिळावे. त्याच पत्रात दुसऱ्या योग्य भिक्षुकाचे नाव सुचवावे. ते नाव वाचून गावाचा उत्साह मावळला, तर काय हवे होते ते उघड होते. त्या भिक्षुकाचे निरूपण रंगल्याचे ऐकून नाकारणाऱ्याचे मन खट्टू झाले, तर तेही उघड होते.

प्रकृतीचे खोटे निमित्त मात्र सांगू नये. ‘पुढल्या वर्षी पाहू’ हे तर त्याहून वाईट, कारण त्यात आग्रहास जागा राखलेली असते. हस्तपत्रके छापण्यापूर्वी कळवावे, म्हणजे कार्यकर्त्यांची फजिती होत नाही. आपल्या वैराग्याची गावात वाखाणणी व्हावी म्हणून नाकारणारेही आढळतात. ते मंडपात न जाताच सभा जिंकू पाहतात.

त्याच गावचा कोणी शंका घेऊन आश्रमाच्या दारी आला, तर गोष्ट वेगळी. तो संबंधी म्हणून नव्हे, जिज्ञासू म्हणून आलेला असतो. त्यास गाव विचारून परतवू नये. दोन प्रहर बोलावे लागले तरी त्याच्याशी बोलावे.