एलीयाची भाकर

‘प्रार्थना कमी पडते, म्हणून मन खचतं.’ चर्चच्या पायरीवर हे फार सहज बोललं जातं. जबलपुरात, अधारतालच्या एखाद्या ख्रिस्ती घरात रात्रभर टक्क जागी असलेली बाई सकाळी पाळकांना ‘सगळं ठीक आहे’ सांगते, ती याच बोलण्याच्या धाकानं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण आपलाच ग्रंथ त्यानं घाईनं वाचलेला असतो.

बायबलातला एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर जिंकला आणि लगेच राणी ईजबेलीच्या धमकीनं पळत सुटला. रानात रतामाच्या झुडपाखाली बसून त्यानं देवाजवळ मरण मागितलं. तिथं आलेला दूत त्याला खडसावत नाही, विश्वासाचा हिशेबही मागत नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असतं. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत त्याला उठवून पुन्हा खायला सांगतो, वाट लांबची आहे म्हणून. ‘तू इथं काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न येतो तो नंतर, होरेब डोंगरावर. आधी अन्न आणि झोप! आजचा मनोविकारतज्ज्ञही रुग्णाला पहिल्यांदा हेच विचारतो. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र तर शेवटच्या ओळीपर्यंत काळोखातच राहतं, आणि तरीही ते प्रार्थनाच ठरलं.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तेव्हा या ओळी त्यांच्याच हातून गेल्या. त्यांची आई, वडील, बहीण दुष्काळात गेली. पुढे भाऊ, मग पती. 1883 साली सोबत इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथंच आपलं जीवन संपवलं. त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण मनाला हवी ती शांती पुढची कित्येक वर्षं मिळाली नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. अशा बाईला अविश्वासी म्हणायची छाती कोणाची आहे?

पाळक घडवणारं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज याच जबलपुरात आहे. तिथून बाहेर पडणाऱ्यांनी गुडघे टेकायला जरूर शिकवावं. पण महिनाभर ज्याची झोप उडालीय, जेवण तुटलंय, त्याला डॉक्टरकडे नेणं हेही पाळकाचंच काम आहे. गोळी घेतली म्हणून श्रद्धा उणावत नाही. आणि मरणाचे विचार येत असतील, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका: सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 वर दिवसरात्र, मोफत बोलते. मराठीतही.